चा, ची, चे आणि इंग्रजीतला कर्ता

‘द प्राइस ऑफ अनियन्स हॅव फॉलन.’ विंचूरच्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिले की निम्मा वर्ग ते बरोबर ठरवतो. कांदे अनेक आहेत, म्हणून ‘हॅव’. उरलेल्यांतले काही जण ‘हॅज’ म्हणतात, पण का ते सांगता येत नाही. कानाला बरे वाटते इतकेच. मग तेच वाक्य मराठीत म्हणायला सांगावे. ‘कांद्यांचा भाव पडला.’ यातला ‘चा’ कोणाकडे बघून आला? कांद्यांकडे बघून तर नाही. कांद्यांची चाळ, कांद्यांचे ट्रॅक्टर, कांद्यांचा भाव. कांदे तेच राहतात आणि चा-ची-चे मात्र पुढच्या शब्दाप्रमाणे बदलतात. तो पुढचा शब्द वाक्याचा खरा कर्ता, आणि क्रियापद त्याच्याच हुकमात चालते. भाव एक, म्हणून ‘हॅज’. लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात वडिलांबरोबर लिलावाला उभ्या राहणाऱ्या मुलाला एवढे सांगितले की पुरते. इंग्रजीत ‘अनियन्स’ हा शब्द क्रियापदाला खेटून बसतो, त्यामुळे डोळा फसतो. मराठीत भाव क्रियापदाशेजारी असतो, तिथे फसायला जागाच नाही.

परीक्षेत हमखास विचारल्या जाणाऱ्या आणखी दोन-तीन वाक्यांना हीच कसोटी लावून पाहावी. ‘अ नंबर ऑफ फार्मर्स’ म्हणजे ‘बरेच शेतकरी’. यात ‘ची’ कुठेच नाही, शेतकरी हेच कर्ते, म्हणून ‘हॅव कम’. ‘द नंबर ऑफ फार्मर्स’ म्हणजे ‘शेतकऱ्यांची संख्या’. इथे ‘ची’ आली ती संख्येसाठी, म्हणून ‘हॅज गॉन अप’. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही तर घरोघरची चूक. ती ‘माझा एक मित्र’ या मराठीतून जशीच्या तशी उचललेली असते. त्याऐवजी ‘माझ्या मित्रांपैकी एक’ असे मनात म्हटले, की ‘पैकी’च्या आधीचे मित्र आपोआप अनेक होतात आणि शेवटचा ‘एक’ क्रियापदाला एकवचनात ठेवतो. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स हॅज कम.’

हे पुस्तक एवढ्याच एका समजुतीवर उभे आहे. मराठी माणूस इंग्रजीत चुकतो तेव्हा बहुतेक वेळा तो मराठीचा एखादा नियम इमानेइतबारे पाळत असतो. तो नियम कोणता हे त्याला दाखवले, तर चूक एकदा दुरुस्त होऊन थांबत नाही. तिच्या जातीच्या सगळ्याच चुका त्याला दिसू लागतात. बाजारात इंग्रजी चुका-दुरुस्तीची पुस्तके ढिगाने आहेत. त्यांत चूक असते, दुरुस्त वाक्य असते, फार तर एक नियम असतो. ती चूक या मुलाच्या हातून का झाली, याचा पत्ता त्यांत नसतो, कारण ती पुस्तके तमिळ, बंगाली, हिंदी, मराठी अशा सगळ्यांसाठी एकदम लिहिलेली असतात.

या प्रस्तावनेत इंग्रजी वाक्ये नागरीत छापली आहेत, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. पुस्तकात ती रोमन लिपीतच आहेत. इथे नागरी वापरण्याचे कारण असे, की इंग्रजीचा एक बदनाम नियम नागरीत लिहिला की आपसूक सुटतो. ‘अ’ आणि ‘ॲन’ यांतले कोणते कुठे, यावर मुले वर्षानुवर्षे अडखळतात, कारण त्यांनी ‘ए, ई, आय, ओ, यू’ ही पाच अक्षरे पाठ केलेली असतात. नियम अक्षरांचा नाहीच, उच्चाराचा आहे, आणि उच्चार लिहून दाखवणे हे तर नागरीचे काम. ऑनेस्ट, अवर, एमएलए हे शब्द नागरीत स्वराने सुरू होतात, लावा ‘ॲन’. युनिफॉर्म, युनिव्हर्सिटी, वन-वे हे य आणि व यांनी सुरू होतात, लावा ‘अ’. इंग्रज मुलाच्या लिपीला जे जमत नाही ते आपल्या लिपीला जमते. एकच सावधगिरी बाळगावी. आपल्याकडे ‘एट’ला ‘येट’ आणि ‘एमए’ला ‘यम्ये’ म्हणण्याची जुनी सवय आहे. नागरीत लिहिताना आपला उच्चार लिहिला तर उत्तरही आपलेच येईल.

चुकीची वाक्ये छापून ती विद्यार्थ्यांकडून दुरुस्त करून घ्यायची, ही पद्धत बरीच जुनी आहे. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांचे छोटेखानी इंग्रजी व्याकरण १७६२ साली निघाले. त्यांनी नियमांखाली टिपा दिल्या आणि त्यांत चुकीचे नमुने म्हणून उभे केले ते थेट शेक्सपिअर, मिल्टन आणि स्विफ्ट यांना. बायबलच्या इंग्रजी भाषांतरालाही त्यांनी सोडले नाही. थोर लेखक जी भाषा वापरतात तीच चुकली कसे म्हणायचे, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत व्याकरणकारांची पाठ सोडत नाही. त्यानंतर आले लिंडली मरे. हे मूळचे अमेरिकेतले वकील, प्रकृतीच्या कारणाने इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिलेले. तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १७९५ साली व्याकरण लिहिले आणि दोन वर्षांनी सरावाचे वेगळे पुस्तक काढले. त्यात पानेच्या पाने मुद्दाम बिघडवलेली वाक्ये होती आणि उत्तरांची ‘की’ स्वतंत्र छापलेली होती. स्पर्धा परीक्षेत वाक्याचे चार तुकडे करून ‘स्पॉट द एरर’ म्हणून जो प्रश्न येतो, त्याचे घराणे हे असे सव्वादोनशे वर्षांचे आहे.

या घराण्याने इंग्रजीत जशी शिस्त आणली तशा काही अंधश्रद्धाही आणल्या. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये कोणी घुसू नये, ही त्यांतली दोन मोठी सोवळी. हेन्री फाउलर यांनी १९२६ साली इंग्रजी वापराचा कोश काढला आणि त्यात या दोन्हींची यथेच्छ टिंगल केली. आपल्याकडे अजूनही काही वर्गांत त्यावर लाल शाई वाया जाते. या पुस्तकात त्या दोन्ही ‘चुका’ नाहीत. असल्या प्रश्नांत वेळ घालवण्याइतके आयुष्य कोणाकडेच नाही.

महाराष्ट्रात इंग्रजी शिकणे आणि मराठीचे व्याकरण लिहिणे ही दोन कामे जवळजवळ हातात हात घालून सुरू झाली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले ते मराठी आणि इंग्रजी अशा शेजारशेजारच्या दोन रकान्यांत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६चे. आज पाचवीतला मुलगा शब्दांच्या आठ जाती म्हणून जे घोकतो, ती विभागणी इंग्रजी व्याकरणावरून आपल्याकडे आलेली आहे. म्हणजे आपण इंग्रजीच्या साच्यात आपली भाषा मोजली आणि मग त्याच मापाने पुन्हा इंग्रजी शिकायला बसलो. गोंधळ होणारच. ‘ला’, ‘ने’, ‘शी’, ‘चा’ यांचे नेमके काम काय, हे मराठीच्या तासाला नीट समजले असते, तर इंग्रजीच्या तासाचे निम्मे कष्ट वाचले असते.

चुका काढण्याचा ओघ त्या काळी एकाच दिशेने वाहत होता असेही नाही. मेजर थॉमस कँडी हे इंग्रज गृहस्थ. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातले भागीदार. सरकारी शालेय पुस्तकांचे मराठी कित्येक वर्षे त्यांच्या नजरेखालून जात असे. मराठीत स्वल्पविराम-अर्धविराम रुळवण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. मराठी पंडिताने लिहावे आणि इंग्रजाने मराठी तपासावे! याचा अनेकांना राग यायचा आणि तो रास्तही होता. पण आज एखाद्या मुलाच्या वहीत लाल शाईचा सडा घालताना शिक्षकांनी त्या पंडितांची मनःस्थिती आठवून पाहायला हरकत नाही.

आमच्या निफाड तालुक्यापुरते बोलायचे तर इंग्रजी शिकण्याच्या या गोष्टीची सुरुवात मोठी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाडचा. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली आला आणि इंग्रजांना इंग्रजीतच उत्तर देणाऱ्या पिढीची ती एक ठळक खूण ठरली. रानड्यांच्या पिढीला इंग्रजी अवघड गेली नसेल असे नाही. पण त्या पिढीतले विद्यार्थी आधी मराठी पक्की करून मग इंग्रजीकडे वळत. आज हा क्रम उलटा झाला आहे, आणि माझ्या मते चुकांचे मोठे कारण तेच आहे.

नंतरच्या पिढ्यांना दोन पुस्तकांनी घडवले. एक ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’. मराठी वाक्य द्यायचे, इंग्रजी करून घ्यायचे, धडा पुढे सरकवायचा. तिची इतकी थट्टा झाली की पुस्तकी, कडक इस्त्रीच्या इंग्रजीला ‘तर्खडकरी’ हे विशेषणच पडले. पण दोन भाषा शेजारशेजारी ठेवून बघायची सवय त्या पाठमालेने लावली, आणि हे पुस्तक त्या सवयीचे ऋणी आहे. दुसरे ‘रेन अँड मार्टिन’. त्यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातले अधिकारी. कराचीत, पुण्यात नोकरी केलेले. फ्रेंच फॉरिन लीजनच्या साहसांवरची ‘ब्यू जेस्ट’ (१९२४) ही गाजलेली कादंबरी त्यांचीच. एका हाताने वाळवंटातल्या लढाया आणि दुसऱ्या हाताने ‘पार्सिंग’चे धडे लिहिणारा हा माणूस आपल्या घराघरांत पोचला तो दुसऱ्याच कामामुळे. त्याच्याआधी नेसफील्ड यांची व्याकरणे होती. आजही जुन्या शिक्षकांत नेसफील्डवाले आणि रेनवाले असे दोन पंथ भेटतात आणि त्यांचे एकमेकांविषयीचे मत फारसे चांगले नसते.

यांच्या गर्दीत एक पुस्तक मात्र विसरले गेले. जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ हे मुंबई इलाख्यात नोकरी केलेले सनदी अधिकारी. त्यांनी १९०७ साली भारतीयांच्या इंग्रजी लेखनातल्या वाक्प्रयोगांच्या चुकांवरच एक पुस्तक लिहिले. नियमांची पोथी न लिहिता, माणसे खरोखर काय लिहितात ते बघून मग बोलायचे, ही त्याची रीत. या पुस्तकातली बहुतेक वाक्ये याच रीतीने गोळा झाली आहेत. रजेचे अर्ज, निबंध, नोकरीचे अर्ज, मोबाइलवरचे निरोप यांतून. कोणाचे नाव कुठेही दिलेले नाही.

त्यांतला एक नमुना जवळून बघू. ‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स टू डेज, सो आय कॅनॉट अटेंड द स्कूल.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या फायलीत हा अर्ज सापडेल. आता याच्यामागची मराठी ऐका: ‘मला दोन दिवसांपासून ताप येत असल्यामुळे मी शाळेत येऊ शकत नाही.’ मराठी निर्दोष आहे. मराठीत आधी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट वर्तमानकाळातच सांगतात, म्हणून ‘ॲम सफरिंग’. इंग्रजीला मात्र मागचे टोक आणि आत्ताचे टोक दोन्ही एकाच क्रियापदात बांधून हवे असते, म्हणून ‘हॅव बीन सफरिंग’. ‘पासून’ हे मराठीत सोमवारलाही लागते आणि दोन दिवसांनाही. इंग्रजीत त्याचे दोन भाग होतात. त्यासाठी कसोटी पुन्हा मराठीतच आहे. ‘पासून’ काढून त्याऐवजी ‘गेले’ किंवा ‘गेली’ लावून बघा. ‘गेले दोन दिवस ताप येतोय’ हे जमते, म्हणून ‘फॉर’. ‘सोमवारपासून ताप येतोय’ याचे तसे रूपांतर होत नाही, म्हणून ‘सिन्स’. ‘ॲज’ आणि ‘सो’ ही जोडी ‘ज्याअर्थी-त्याअर्थी’च्या घरातली. मराठीला जोडीची अव्यये आवडतात: जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा. इंग्रजीला कारण सांगायला एकच पुरते. ‘ॲज’ ठेवा नाहीतर ‘सो’ ठेवा. ‘दो ही इज पूअर, बट ही इज ऑनेस्ट’ ही ‘जरी-तरी’चीच देणगी. आणि ‘द स्कूल’मधला ‘द’? शिकण्यासाठी शाळेत जाणे असेल तर तो नको. शाळेची भिंत रंगवायला जायचे असेल तर हवा. मराठीत ‘द’ला तोलामोलाचा शब्दच नाही, त्यामुळे इथे कसोटी मिळत नाही, सराव करावा लागतो. हे स्पष्ट सांगितलेले बरे.

एका ओळीत चार चुका, आणि त्यांतल्या तिघींचे मूळ मराठी व्याकरणात. अशा चुकांकडे कसे बघावे, यावर विसाव्या शतकात बरेच वाद झाले. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली मांडले, की मातृभाषा आणि शिकायची भाषा यांची तुलना केली तर विद्यार्थी कुठे चुकेल ते आधीच सांगता येईल. त्याच वर्षी आपले अशोक केळकर यांनी ‘मराठी इंग्रजी’वर, म्हणजे मराठी तोंडातून येणाऱ्या इंग्रजी उच्चारांवर, एक निबंध अमेरिकेतल्या ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लाडोंचे भाकीत पुढे पुरते खरे ठरले नाही. काही चुका मातृभाषा कोणतीही असली तरी होतातच. ‘गो’चे ‘गोड’ करणारे पोर मूळ इंग्रजांच्या घरातही असते, कारण त्याने ‘वेंट’च्या जागी नियमाने भूतकाळ बनवलेला असतो. १९६७ साली पिट कॉर्डर यांनी म्हटले, की चूक म्हणजे शिकणाऱ्याच्या डोक्यात आत्ता कोणता नियम तयार झाला आहे याचा पुरावा. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली या अधल्यामधल्या अवस्थेला स्वतंत्र भाषाच मानले: ना मराठी ना इंग्रजी, पण स्वतःचे नियम असलेली.

मग दुरुस्त करायचे की नाही? जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली सरळ लिहिले, की लेखनाच्या वर्गात व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून काही उपयोग होत नाही, उलट नुकसान होते. डेना फेरिस यांनी त्यांना विरोध केला आणि वाद बरीच वर्षे चालला. नंतरच्या काही अभ्यासांत असे दिसले, की एका वेळी एखाद-दोन प्रकारच्या चुकांवरच बोट ठेवले तर फरक पडतो. वर्गात उभे राहून मलाही हेच पटले आहे. अख्खी वही लाल केली की मुलगा दुसऱ्या दिवशी वहीच आणत नाही. म्हणून या पुस्तकात एका जागी एकाच मुळाच्या चुका आहेत; दुसऱ्या मुळाची चूक तिथे असली तरी तिकडे मुद्दाम दुर्लक्ष केले आहे. चाणाक्ष वाचकाला ती दिसेल. दिसू द्यावी.

मराठी मुळांची यादी तशी फार मोठी नाही. ‘मी गेलो नाही’ यात भूतकाळ क्रियापदावरच राहतो, म्हणून ‘आय डिड नॉट वेंट’. ‘तो कुठे आहे ते मला माहीत नाही’ यात प्रश्न वाक्यात शिरला तरी शब्दांचा क्रम हलत नाही, म्हणून ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’. ‘मी नाशिकला जाईन तेव्हा’ यातला भविष्यकाळ ‘व्हेन आय विल गो’ होऊन येतो. उलट ‘पाऊस पडला तर’ यात मराठी भूतकाळ वापरते आणि मुले ‘इफ इट रेन्ड’ लिहून पुढे ‘विल’ जोडतात. ‘ना?’ हे एकच शेपूट आपण कोणत्याही वाक्याला लावतो, म्हणून सगळीकडे ‘इजन्ट इट’. तांदूळ, पोहे आणि डोक्यावरचे केस मराठीत अनेकवचनी, म्हणून ‘माय हेअर्स आर फॉलिंग’. आणि आदरार्थी बहुवचन! ‘माझे वडील आले आहेत’ म्हणणाऱ्या संस्कारी मुलाला ‘माय फादर हॅज कम’ लिहिताना वडिलांचा एकेरी उल्लेख केल्यासारखे वाटते आणि तो ‘हॅव’ लिहितो. ही चूक दुरुस्त करताना त्या मुलाच्या भावनेला धक्का लागू नये, एवढे पथ्य पाळायला हवे. मात्र ‘फर्निचर्स’, ‘इन्फर्मेशन्स’, ‘लगेजेस’ यांचा दोष मराठीवर ढकलता येत नाही. सामान आले, माहिती मिळाली. मराठीतही हे शब्द एकवचनीच आहेत. इथे मराठी ऐकली असती तर चूक टळली असती.

‘अँग्री ऑन मी’, ‘मॅरिड विथ हिम’, ‘डिस्कस अबाउट’ या चुकांचेही मूळ मराठीत आहे: माझ्यावर रागावला, त्याच्याशी लग्न, त्याविषयी चर्चा. पण मूळ कळले म्हणून दुरुस्ती सापडत नाही. ते पाठच करावे लागते. शब्दयोगी अव्ययांचा भाग म्हणूनच पुस्तकात सर्वांत लांब आणि सर्वांत कंटाळवाणा झाला आहे.

चूक कोणती आणि वेगळेपण कोणते, हा या विषयातला खरा भांडणाचा मुद्दा. ब्रज काचरू यांच्यासारख्या अभ्यासकांनी भारतीय इंग्रजी हा इंग्रजीचा एक स्वतंत्र प्रकार असल्याचे ठामपणे मांडले. निहालानी, टंग आणि होसाली यांनी १९७९ साली भारतीय आणि ब्रिटिश वापरांची तुलना करणारे हातपुस्तक काढले. ‘प्रीपोन’ हा शब्द आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. चुलत, मामे, आते, मावस अशी सगळी नाती एका ‘कझिन’मध्ये कोंबायला सांगणे हा आपल्यावर अन्यायच आहे, तेव्हा कोणी ‘कझिन ब्रदर’ म्हणाले तर मी कान टवकारत नाही. पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेची ‘की’ तयार करणाऱ्याने काचरू वाचलेले नसतात. म्हणून असे प्रयोग पुस्तकात वेगळी खूण करून दिले आहेत: गावात, घरात, कचेरीत खुशाल वापरा, पेपरात टाळा. ‘मायसेल्फ’ने स्वतःची ओळख करून देण्याला मात्र ही सवलत मिळालेली नाही.

या खटाटोपाची आज गरज काय? महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी एकेकाळी आठवीपासून होते, मग पाचवीपासून आले, आणि रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना जून २००० पासून पहिलीपासून सुरू झाले. त्या पहिल्या तुकड्या कधीच्या नोकरी-धंद्याला लागल्या. इंग्रजीची भीती बरीच गेली, चुका मात्र त्याच राहिल्या. २०२३च्या तलाठी भरतीत १०० प्रश्न होते, २०० गुणांचे. त्यांत मराठीचे २५ आणि इंग्रजीचेही २५. सातबारा मराठीत लिहिणाऱ्याला इंग्रजीची परीक्षा मराठीइतकीच जड! यावर वाद घालता येईल, पण अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला वाद घालायला वेळ नाही. विंचूरच्या वाइन पार्कमध्ये अर्ज करणाऱ्याला आणि कांदा परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्यालाही तो नाही.

मोबाइल आता चुका आपणहून दुरुस्त करतो, मग पुस्तक कशाला, असे विचारणारे भेटतात. तो करतो खरे. पण परीक्षेच्या दालनात तो बाहेर ठेवावा लागतो आणि मुलाखतीत बोलताना कोणी मध्ये पडून वाक्य सुधारत नाही. शिवाय यंत्र वाक्य गुळगुळीत करते आणि कधी कधी अर्थच बदलून ठेवते. ‘आय वर्क इन विंचूर ओन्ली’ लिहिणाऱ्याला ‘विंचूरलाच’ असे ठासून सांगायचे असते. यंत्र ‘ओन्ली’ उचलून ‘वर्क’च्या आधी ठेवते आणि माणूस विंचूरला नुसते काम करतो, राहत नाही, असा अर्थ निघू शकतो. काय बदलले हे ओळखण्यापुरते व्याकरण स्वतःजवळ असावेच लागते.

व्याकरणाचे संपूर्ण पुस्तक असल्याचा या पुस्तकाचा दावा नाही. ज्या चुका मराठी माणूस करत नाही त्या यात घेतलेल्या नाहीत, मग त्या रेन अँड मार्टिनमध्ये कितीही ठळक असोत. स्पेलिंग वगळले आहे. उच्चारांचा विषय केळकरांसारख्यांचा. त्याला ‘अ’ आणि ‘ॲन’पुरताच हात लावला आहे. वाचकाने सुरुवातीपासून वाचत जावे असा आग्रह नाही; आपला एखादा जुना अर्ज किंवा निरोप समोर घ्यावा, त्यातले खटकणारे वाक्य आधी मराठीत म्हणावे आणि मग त्या मुळाचे पान उघडावे. उत्तरे मरेसाहेबांसारखी वेगळ्या पुस्तकात दिलेली नाहीत. ज्या त्या वाक्याखाली कारणासह आहेत, तेव्हा कागदाने झाकून सोडवण्याची जबाबदारी वाचकाची. सरावात बरोबर वाक्येही मिसळली आहेत. किती आणि कुठे, ते सांगितलेले नाही.